चौकातला सुदृढ बालक

हेमंतने पुण्यात शांपूच्या पुड्या खपवल्या होत्या, आणि पुडी खपवणारा माणूस काहीही खपवू शकतो अशी त्याची ठाम समजूत होती. असला नवरा घरात असला की बायकोने सावध राहावं. नीलिमा सावध राहिली नाही.

कंपनीने त्याला हैदराबादला पाठवलं तेव्हा नीलिमाने आपला चांगला चालणारा दवाखाना बंद केला आणि त्याच्यामागे तिथल्या कुकटपल्लीला राहायला आली. काही वर्षं घरात बसून काढल्यावर मलकपेठच्या मराठी शाळेने तिला एक खोली दिली. मुलांना शाळेतच तपासायचं, तेही फुकट. पण फुकटच्या औषधावर कुणाचा विश्वास? चारदोन पोरं यायची, ती गणिताचा तास चुकवायला. शेवटी शाळेचे अध्यक्ष नामदेवराव, लाकडाच्या वखारीचे मालक, तोंडावरच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, दिवाळीपर्यंत पोरं नाही आली तर इथं कॉम्प्युटर क्लास बसवतो. आजकाल उसीकीच डिमांड है."

घरी येऊन नीलिमाने एवढंच सांगितलं आणि कुकर लावला. ती रडली असती तर हेमंतला बरं वाटलं असतं. तिचा एक दवाखाना आपल्यापायी गेला होता, दुसरा जाऊ द्यायचा नाही, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं.

"सुदृढ बालक स्पर्धा घेऊ," तो म्हणाला. "वजनाच्या निमित्ताने अख्खी शाळा तुझ्या खोलीतून जाईल."

"आणि पुढे?"

"पुढे माझ्यावर सोड."

तिने सोडलं. स्पर्धा झाली, शाळा लोटली, आणि नामदेवरावांचा नातू संदेश पहिला आला. बक्षीस मिळालेला खव्याच्या पेढ्यांचा पुडा त्याने तिथंच एकट्याने संपवला. हेमंतने त्याचं चित्र काढून घेतलं आणि रातोरात भलामोठा फलक मलकपेठच्या चौकात उभा केला. पेंटरने गाल टोमॅटोसारखे रंगवले. खाली हातभर अक्षरांत संदेशचं नाव आणि वजन.

इथंच त्याची बुद्धी चरायला गेली. शांपूला दृष्ट लागत नाही, पोराला लागते, हे मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाला कळायला नको?

संदेशला दुसऱ्याच दिवशी जुलाब लागले. पेढ्यांचं नाव कुणी काढलं नाही. त्याची आई त्रिवेणी खोलीत येऊन हेमंतवर कडाडली, "वजन कुणी चौकात लिहितं का हो भाऊ? घोड्यांची रेस बघायला आलेले लोकंसुद्धा वाचायलेत! माझं लेकरू परेशान झालं!"

नीलिमाच्या औषधाने संदेश बरा झाला, पण श्रेय गेलं मीठमोहऱ्यांना. वर बायकांनी चौकात जाऊन फलकाचीही दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने ट्रॅफिक पोलीस खोकत पळाला. त्यानंतर वजनकाट्यापाशी एक पोर फिरकेना. करायला गेला गणपती, झाला मारुती.

फलक उतरवायला नामदेवराव कबूल होईनात. नातवाचं चित्र चौकात कितींच्या नशिबी असतं? तेव्हा त्रिवेणीने तोडगा काढला, "गालावर तीट लावा, मग लेकरं पाठवू."

पेंटर विद्यानगरला दुसऱ्या कामावर होता. हेमंत स्वतः डांबराचा डबा घेऊन शिडीवर चढला. तीट लागली, छान लागली. ती किती छान लागली हे बघायला तो जरा मागे झुकला आणि खाली आला. डावं मनगट मोडलं.

लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, म्हणजे शाळेतल्या त्या खोलीत. नीलिमाने फळी बांधली. तोंडाने ती त्याला मूर्ख म्हणत होती, गाठ मात्र दोनदा सोडून पुन्हा सैल बांधत होती. दारात जमलेल्या बायकांकडे वळून त्रिवेणी ओरडली, "पाहिलं का! पोरावरची सगळी दृष्ट यांच्यावर उतरली!"

मोठ्या इस्पितळातून प्लास्टर घालून तो परतला, तर शाळेत रांग. आयांचं गणित सोपं होतं: पोराचं खुशाल वजन करा, दृष्ट डॉक्टरीणबाईंचा नवरा घेतो. हेमंतने रजा टाकली आणि काट्याशेजारी स्टुलावर बसू लागला. पोरगं उतरलं की आई त्याचे गाल कुरवाळून हेमंतच्या दिशेने बोटं मोडायची. दरम्यान नीलिमाला कुणाचे किडके दात सापडले, कुणाला फळा दिसत नसल्याचं कळलं. जेवायला वेळ नाही म्हणून ती कुरकुरायची, आणि ते ऐकायला हेमंतला फार आवडायचं.

प्लास्टर निघालं तशी रांग आटली. नामदेवराव खोलीची लांबीरुंदी मोजून गेले. दुसऱ्या सकाळी हेमंत हाताला जाडजूड बँडेज गुंडाळून हजर झाला.

नीलिमा जवळ येऊन हळूच म्हणाली, "अरे, डावा मोडला होता."

त्याने खाली पाहिलं. बँडेज उजव्याला होतं. सकाळच्या घाईत कोणता हात मोडला होता याचा त्याने विचारच केला नव्हता. आता सोडावं तर दारात त्रिवेणी उभी.

त्रिवेणी त्या हाताकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई, आता दुसरा पण? आमच्या लेकरांसाठी किती ओढून घेता हो भाऊ!" आणि ती मागे वळून दारातल्या एका पोराला ओरडली, "जयवंता, अंबाजीच्या आईला बोलव! धाकट्यांना पण आणा म्हणावं!"

नीलिमाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मग तिने डोळे पुसले, त्याच्या उजव्या हाताला नीट झोळी बांधली आणि स्टूल काट्याजवळ सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "आज जेवायला उशीर होणार."