एका दिवसाचं चीवर

आमच्या दुकानाच्या पाटीवर काय नाव आहे, हे विचाराल तर गल्लीतल्या एकालाही सांगता यायचं नाही. उद्यामास्तरांचं दुकान म्हणा, शेंबडं पोरसुद्धा आणून सोडेल. उद्यामास्तर म्हणजे आमचे हे. सव्वीस वर्षं हे शिलाई मशीनवर बसतात आणि मी दाराशी बसून गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगते. खोटं बोलण्याचं पाप माझ्या माथी आणि ‘कलाकार माणूस हो’ ही वाहवा त्यांना.

आळशी आहेत असं मात्र समजू नका. आळशी असते तर बरं झालं असतं, आळशी माणसाला फैलावर तरी घेता येतं. ह्यांचा रोग निराळा. टीप मारून झाली की कापड उजेडाकडे धरायचं, डोळे बारीक करायचे, आणि सुताएवढी जरी वाकडी दिसली तरी कर्र करून उसवायची. पुन्हा मारायची, पुन्हा उसवायची. एका नवरदेवाचा कोट ह्यांनी इतक्यांदा उसवला की शेवटी त्याने तो मुलाच्या बारशाला घातला.

पावसाळ्याचे तीन महिने भन्ते, म्हणजे आमचे भिक्खू, विहार सोडून कुठे जात नाहीत. तो वर्षावास संपला की महिन्याभरात एक दिवस ठरवून भिक्खूंच्या संघाला चीवर, म्हणजे अंगावर पांघरायचं वस्त्र, द्यायचं, हा आमचा कठिन चीवरदानाचा सण. त्यातली मेख अशी, की ज्या दिवशी कापड अर्पण करायचं त्याच दिवशी ते कापून, शिवून, रंगवून, वाळवून पुरं झालं पाहिजे. दुसरा दिवस उजाडला की कठिन हुकलं, ते थेट पुढच्या वर्षावासानंतर. आमच्याकडे तर दिवेलागणीलाच वंदना असते, म्हणजे तोवर सगळं तयार हवं.

दरवर्षी चीवर शिवणारे काका यंदा लेकीकडे राहायला गेले. विहारात सभा बसली, शिवणार कोण? तर शाळेच्या बाई उठल्या. ह्या बाईंचा ब्लाऊज आमच्याकडे चार महिने अडकलेला, त्यामुळे जखम ताजी.

“उद्यामास्तरांना द्या की,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षीच्या कठिनाला नक्की मिळेल!”

सगळी सभा खो खो हसली. मोठ्या भन्तेंनीसुद्धा तोंडापुढे पंखा धरला. ह्यांनी मान खाली घातली आणि सदऱ्याच्या बाहीचा एक दोरा ओढत बसले. मला ते बघवेना. घरात मी ह्यांना दिवसातून दहादा बोलते, तो माझा हक्क. पण चारचौघांत परक्यांनी हसायचं?

मी उभी राहिले. “आम्हीच शिवणार! आणि दिवेलागणीच्या आत दिलं नाही, तर दुकानाची पाटी मी माझ्या हातांनी उतरवीन.”

माझी जीभ अशीच आहे. आधी सुटते, मग मला कळतं.

घरी येताना निम्म्या रस्त्यात ह्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, “अगं, काय करून बसलीस? मला खरंच जमत नाही गं वेळेत. मी काय मुद्दाम करतो का?”

सव्वीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की ह्या माणसाला त्या ‘उद्या’ची लाज वाटते. पाटीचं जाऊ दे, म्हटलं. पण एकदा, फक्त एकदा, ह्यांच्या हातून कबूल केलेल्या दिवशी काम पुरं होऊ दे.

ठरल्या दिवशी सकाळीच कापड अर्पण झालं. पांढरं, मऊसूत. मशीन आम्ही आदल्या दिवशीच विहाराच्या सभागृहात नेऊन ठेवलं होतं. मागच्या अंगणात माझ्या नणंदबाईंनी भलंमोठं पातेलं चढवून रंगासाठी झाडाची साल उकळायला घातली. हे मशीनवर बसले ते असे, की डोकं वर नाही. आणि काय सांगू, दहाच्या सुमाराला उठून म्हणाले, “झालं.”

“वहिनी,” नणंदबाई माझ्या कानाशी लागल्या, “दादाला ताप तर नाही ना?”

मोठे भन्ते आले. त्यांनी चीवर हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. “मास्तर, शिवण सुरेखच आहे. पण कापलंय कुठे?”

“कापलंच नाही, भन्ते!” ह्यांची छाती वीतभर फुगली. “इतकं सुंदर कापड, त्याचे तुकडे पाडायचे आणि परत जोडायचे? नुसत्या घड्या घालून टिपा मारल्या. भिंग घेऊन बघा, कुणाला कळायचं नाही.”

भन्ते हसले नाहीत.

“मास्तर, बुद्ध एकदा मगधातून चालले होते,” ते शांतपणे म्हणाले. “खाली भातखाचरं पसरलेली. चौकोनी तुकडे आणि मध्ये बांध. ते आपल्या शिष्याला, आनंदांना, म्हणाले, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदांनी तुकडे जोडून तसं करून दाखवलं. कापड एकदा कापलं की त्याचं मोल जातं. मग चोराला ते नको आणि आम्हालाही मिरवायला नको. तुम्ही त्याचं मोल वाचवलंत, आणि आम्हाला तर तेच घालवायचं असतं. न कापलेलं कठिनाला चालत नाही.”

झालं! दुसरा कुणी शिंपी असता तर त्याने मुकाट्याने कापलं असतं. पण आमचा पडला कलाकार. मी कपाळावर हात मारला, तोही जोरात.

पण एक सांगते. उसवण्यात ह्यांचा हात धरणारा त्रिखंडात सापडायचा नाही. दहा मिनिटांत कापड पुन्हा कोरं करकरीत. मग कात्री घेतली आणि हात थांबला. “धर गं ते टोक,” मला म्हणाले. मी धरलं. कात्री चालली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पाच पट्टे, प्रत्येकात एक लांब तुकडा आणि एक आखूड. वर काठाच्या पट्ट्या.

भन्तेंचं भोजन दुपारच्या आत उरकतं. ते झालं आणि विहारातले पाचही भन्ते सरळ येऊन जमिनीवर बसले, सुया मागायला लागले. ह्यांना घाम फुटला. आमच्या दुकानात दुसऱ्याने बटण लावलेलं ह्यांना खपत नाही. पण घड्याळ कुणासाठी थांबतंय? एकेक पट्टा एकेकाला दिला. शाळेच्या बाई आल्या होत्या खरं म्हणजे मजा बघायला. मी त्यांच्या हातात दोऱ्याचं रीळ ठेवलं. “तोंड चालतं तसे हात चालतात का बघू,” म्हटलं. चालले हो, अगदी भराभर चालले.

शिवता शिवता मोठे भन्ते सांगत होते. तीस भिक्खू बुद्धांना भेटायला श्रावस्तीला निघाले होते. साकेतपर्यंत आले आणि पावसाळा लागला. आता प्रवास बंद. बुद्ध एवढे जवळ, पण तीन महिने जागेवरून हलता येईना. वर्षावास संपला तसे ते तडक निघाले, पाऊस थांबायचीही वाट बघितली नाही. चिखल तुडवत, चिंब भिजलेल्या जड चीवरांनी पोचले. बुद्धांनी त्यांची ती दशा बघितली आणि कठिनाची परवानगी दिली.

“कठिन म्हणजे कापड ताणायची चौकट,” भन्ते म्हणाले. “तिच्याभोवती सगळ्यांनी बसायचं आणि मिळून एकासाठी शिवायचं. एकट्याने उत्तम करायचं काम नाही हे, मास्तर.”

ह्यांनी “हं” करून पुढचा पट्टा मशीनखाली सरकवला.

तीन वाजले. पट्टे जोडून झाले, उरली एक शेवटची लांब टीप, बरोबर पाठीवर येणारी. कापडाचं दुसरं टोक अबोल भन्तेंनी धरलं होतं. हे भन्ते वर्षभरात चार शब्द बोलले तर खूप. त्यांचं स्वतःचं चीवर इतकं विरलेलं, की मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं, ओळखू येत नव्हतं. ह्यांनी पायडल मारलं. घाईत कापड सरकलं. टीप खांद्याजवळ चांगली बोटभर वळून गेली.

ह्यांनी कापड उजेडाकडे धरलं. डोळे बारीक केले. हात ब्लेडकडे गेला.

साल उकळल्याचा बुडबुड आवाज तेवढा मागून येत होता. आता उसवलं तर रंग चढायचा कधी आणि कापड वाळायचं कधी? सगळे माझ्याकडे बघत होते, की ही आता तोंडाचा पट्टा सोडणार. मी नाही सोडला. ओठ दातांखाली धरून उभी राहिले. मी बोलले असते तर ते माझ्या धाकाने झालं असतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ह्यांनी ब्लेड खाली ठेवलं, चीवराचा बोळा केला आणि बहिणीच्या हातात दिला. “घे, बुडव लवकर. माझं मन फिरायच्या आत बुडव.”

त्यांचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं आनंदाने. डोंबलाचा आनंद! ती वाकडी टीप काळजात रुतली होती त्यांच्या.

पुढे नुसता धुमाकूळ. रंग बघता बघता चढला, पण वाळता वाळेना. मग काय, घराघरांतून पंखे आले, इस्त्र्या आल्या. दहा जणांनी कडा धरल्या आणि चीवर हवेत धरून अंगणभर पळत सुटले. शाळेच्या बाई सर्वांत पुढे, एक चप्पल पायात आणि एक कुठेतरी मागे. नणंदबाई कोपरापर्यंत भगव्या झालेल्या, आणि त्याच हातांनी त्यांनी माझे गाल ओढले. मी हसून हसून वाकले. सूर्य अजून झाडाच्या वर होता आणि चीवर कोरडं झालं होतं! कोरडं, घडी घातलेलं, तयार!

दिवेलागणीला ह्यांनी स्वतः ते संघापुढे ठेवलं. संघाने ठरवलं, ज्यांचं सगळ्यांत जीर्ण त्यांना द्यायचं. म्हणजे अबोल भन्तेंना. त्यांनी घडी उलगडली आणि ती टीप सगळ्यांसमोर आली, गावातून गेलेल्या नाल्यासारखी वळत वळत. ह्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात अबोल भन्तेंनी लेखणी मागितली आणि कोऱ्या चीवराच्या कोपऱ्यावर चक्क एक काळा ठिपका काढला.

“अहो भन्ते!” हे ओरडलेच.

“नियम आहे,” अबोल भन्ते म्हणाले. त्यांचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला. “नवं चीवर थोडं बिघडवल्याशिवाय आम्हाला वापरता येत नाही.” मग त्यांनी पाठीवरच्या त्या टिपेवरून बोट फिरवलं. “बाकी, मास्तर, अर्धं काम तुम्ही आधीच केलंत.”

एक क्षण कुणालाच कळलं नाही. आणि मग जे हसू फुटलं! छत उडायचं बाकी राहिलं. सगळ्यांत मोठ्याने हसत होते आमचे हे, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. त्या हशातच कुणीतरी ‘साधु’ म्हणालं, मग सगळेच म्हणाले. साधु, साधु, साधु.

अबोल भन्ते ते चीवर पांघरून बाहेर आले. रस्त्यात स्वतः शिवलेला सदरा दिसला की हे मान फिरवतात, कारण ह्यांना त्यातले दोष तेवढे दिसतात. आज हे बघत राहिले. भन्ते वळले, पाठ दिसली, ती टीप दिसली, तरी बघत राहिले.

“छान बसलंय गं,” मला म्हणाले.

मला रडू आलं. आलं तर आलं, कुणाच्या बापाची भीती आहे का?