लेडीसाहेबांचं हळदीकुंकू

कॅनडात सुनेत्राच्या शेजारी इंग्लंडची खरीखुरी लेडी राहायला आली आणि मराठी मंडळातल्या बायकांना चघळायला थंडीभर पुरेल एवढा विषय मिळाला. लेडी ऑगस्टा त्यांचं नाव. भाचीकडे आल्या होत्या, पण का आल्या ते सगळ्यांनी फोनवर वाचलेलं होतं. तिथली राजकन्या एका विवाहित गृहस्थाला गुपचूप भेटायची, ती या बाईंच्या घरी. बातमी फुटली तेव्हा राजवाड्यानं हात झटकले आणि तो गृहस्थ लेडीसाहेबांचाच प्रियकर, असं भासवलं. यांनी तोंडातून ब्र काढला नाही. नवरा मात्र घटस्फोट घेऊन मोकळा झाला.

अशी बाई आपल्या हळदीकुंकवाला येणार म्हटल्यावर सुनेत्राचे पाय जमिनीवर ठरेनात. बोलावणं करायला तिनं फोनवर मैत्रिणींचा नवा ग्रुप काढला. त्यात यामिनी नव्हती. यामिनी दोन घरं सोडून राहायची, तिची जिवाभावाची मैत्रीण. गेल्या वर्षी यामिनीचा घटस्फोट झाला आणि ऑफिसातल्या कुणाशी तरी तिचं नाव जोडलं गेलं. खरं काय ते तिला कुणी विचारलं नाही.

"तिलाच ऑकवर्ड होईल गं," मंडळाच्या वनितावहिनी म्हणाल्या होत्या, आणि सुनेत्राला ते सोयीचं वाटलं.

रविवारी सुनेत्राच्या घराचं बेसमेंट भरून गेलं. लेडीसाहेबांनी दाराशी बूट काढले, खुर्ची नाकारली आणि सतरंजीवर सगळ्यांच्यात बसल्या. सुनेत्रानं त्यांना हळदीकुंकू लावलं, वाणाचा डबा हातात दिला. फोटो काढायला नुसती झुंबड उडाली. घटस्फोटित बाईला कुंकू कसं, हा प्रश्न एकीलाही पडला नाही. कमाल आहे की नाही?

शेवटी वनितावहिनींना राहवेना. "इफ यू डोन्ट माइंड," म्हणत त्यांनी इंग्रजीत विचारलंच, "देश सोडून जायला तुम्हाला राजवाड्यातून सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही," लेडीसाहेब शांतपणे म्हणाल्या. "तिथे सगळे फार सभ्य आहेत. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीनं मेजवानी ठेवली आणि मला बोलावलं नाही. मी अवघडून जाईन असं तिला वाटलं म्हणे. मला विचारलं असतं, तर मी गेले असते."

मग त्यांनी आणखी एक तिळाचा लाडू मागून घेतला.

सुनेत्रा उठली, हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि कुणाला काही न सांगता वर गेली. पैठणीखाली स्नो बूट, वर जॅकेट, अशा अवतारात तिनं यामिनीची बेल वाजवली.

यामिनीनं दार उघडलं. "माझ्या खिडकीतून सगळ्यांच्या गाड्या दिसतात, सुनेत्रा."

"मीच बोलावलं नाही तुला. लोक काय म्हणतील म्हणून घाबरले." सुनेत्रा म्हणाली. "चुकलं माझं."

सुनेत्रानं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. यामिनीनं लावू दिलं, पण हात खालीच ठेवले. लावून घेणारीनं यजमानिणीलाही उलट लावायचं असतं. ते ती विसरली नव्हती.

"आता मला लाव," सुनेत्रा म्हणाली.

"माझ्या हातचं? तुझ्याकडे त्या सगळ्या बसल्यात."

"म्हणूनच."

यामिनीनं कुंकवात बोट बुडवलं. बोट घसरलं आणि कुंकू भुवईपर्यंत वाकडं ओघळलं. ती पुसायला गेली, तर सुनेत्रानं तिचा हात धरला.

तो हात तसाच धरून आणि कपाळावर ते वाकडं कुंकू घेऊन ती यामिनीला घेऊन आपल्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरली. बायका त्या कुंकवाकडे बघू लागल्या. लेडीसाहेबांनी काय ते ओळखलं, जराशा सरकल्या आणि यामिनीला शेजारी जागा करून दिली.