सदतिसावा रेणू

वामनरावांनी खोक्याची सुतळी सोडली आणि जयवंताचं पत्र आठवलं. पाच वर्षांपूर्वीचं, उत्तर न दिलेलं. 'सर, सदतिसाव्या रेणूची एकोणीस आणि वीस नंबरची कार्डं तेवढी एकदा पाहाल का?' एवढंच तिने विचारलं होतं.

मेंदूज्वराच्या विषाणूला अडवील असं औषध तेव्हा वामनराव आणि त्यांची विद्यार्थिनी जयवंता शोधत होते. चाळीस रेणूंपैकी विषाणूच्या खाचेत कोणता बसेल, हे मुंबईच्या संगणकाने आधी सांगायचं. मग तोच प्रयोगशाळेत बनवायचा. एका कार्डावर एका अणूची जागा, भोकं पाडून नोंदवलेली. सदतिसावा रेणू जयवंताने सुचवलेला. संगणकाने तो नाकारला आणि तिने संशोधनच सोडलं. आता ती खापरखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होती.

ती कार्डं मुंबईला नेताना, नागपूर स्टेशनवर गाडीत चढतेवेळी, गठ्ठा वामनरावांच्या हातून सुटला होता. कार्डं फलाटावर पसरली. गाडी सुटत होती. वामनरावांनी कोपऱ्यातले पेन्सिलचे आकडे पाहून ती घाईघाईने जुळवली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काहून जी, एकटेच पत्ते खेळून राहिले?" त्यांच्या पत्नी सुभद्राबाई दारातून म्हणाल्या. "रद्दीवाला खाली उभा आहे. देऊ का त्याले?"

"हे राहू दे."

"पाच वर्षं राहूच देलं न जी!"

वामनरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग अठरावं कार्ड उचललं. त्याखाली विसावं होतं. त्याखाली एकोणिसावं.

म्हणजे दोन अणूंच्या जागांची अदलाबदल झाल्याचं जयवंताने संगणकाच्या छापील निकालावरूनच ओळखलं होतं.

पहिलं उत्तर चार पानी झालं. त्यात स्टेशनवरची गर्दी होती, संगणकाच्या मर्यादा होत्या. ते त्यांनी फाडलं. दुसरं लिहिलं:

'चि. जयवंता, कार्डं माझ्या हातून पडली आणि मी ती चुकीची लावली. तुझा रेणू नाकारला गेला नाही. तो तपासलाच गेला नाही. कार्डं क्रमाने लावून सोबत पाठवतो आहे.'

पोस्टात कारकुनाने पाकिटावर शिक्का उगारला.

"हळू मारा जी," वामनराव म्हणाले. "आत भोकं पाडलेली कार्डं आहेत."

"भोकं रजिस्टर करून पाठवून राहिले का, सर?"

"हो. आता जागेवर आहेत."

कारकून हसला. शिक्का त्याने हलकेच टेकवला आणि पाकीट खापरखेड्याच्या थैलीत टाकलं.