ढोलाने पाय बघायचे

तळवलीतल्या उत्कर्षाच्या घराच्या गच्चीवर स्पीकर दणदणत होता आणि आवाने नाचता नाचता मध्येच पाय थांबवले.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "रविवारी तू एकटी कर."

आवा सेनेगलची, नेरूळला शिकायला आलेली. तिच्या गावाकडचा साबर नाच आणि उत्कर्षाचं झटक्याझटक्यांचं पॉपिंग एकात एक गुंफून रविवारी गावदेवीच्या जत्रेत दाखवायचं, म्हणून दोघी दोन महिने घाम गाळत होत्या. आवा गेली तर उरणार काय? रीलवर शंभर जण करतात तेच.

"ट्रॅक तर तुमच्याच ढोलाचा आहे ना," उत्कर्षा म्हणाली.

"हा ढोल मला बघत नाही." आवा एकेक मराठी शब्द शोधत होती. "आमच्याकडे पाय बोलतो, ढोल उत्तर देतो. हा एकटाच बडबडतो."

उत्कर्षाचे बाबा गोटीराम टाकीतलं पाणी बघायला वर आले होते. तीस वर्षं बेंजो पार्टीत ढोल वाजवलेला माणूस.

"बरोबर बोलते ती," ते म्हणाले. "हलदीत नवऱ्याची मावशी उठली का आमी तिच्या पायाकडं बघून वाजवायचो. मावशीला कोन सांगल, आता गिरकी घे?"

"मग वाजवा ना, बाबा."

त्यांनी खालून ढोल आणला. आवाने गुडघा छातीपर्यंत उचलला. पाय टेकला तिथे थाप पडली. लग्नात विधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीची ओळ बायकांनी झेलावी, तसा ढोल तिचं पाऊल न पाऊल झेलत गेला.

मग उत्कर्षा पुढे झाली. खांदा, कोपर, मनगट, सगळं तालात. ढोल गप्प.

"वाजवा की."

"कशावर वाजवू? तोंडात पाच, सहा, सात, आठ चाललंय तुजं. पाय मुके."

तिने ओठ मिटले. आकडे गेले तसं अंग उघडं पडल्यासारखं वाटलं. मग टाच आपसूक घसरली. एक थाप. मनगट वळलं. दोन थापा. ती अडखळली, तर ढोलही अडखळला, आणि ते अडखळणं तिने मुद्दाम पुन्हा केलं. आवा हसत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तेच अडखळणं तिने गुडघ्यात घेतलं.

दमून दोघी खाली बसल्या.

"रविवारी हे येणार?" आवाने गोटीरामांकडे बघत विचारलं.

"येनार ना."

"मग मी पण."