वायर लावलीस का?

"वायर लावलीस का रे?"

अकरा वर्षं झाली, तरी संध्याकाळचा गारठा हाडांत उतरू लागला की हा आवाज वेंडेलच्या कानांत उठतो. स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडायची, आतून रश्श्याची वाफ बाहेर यायची, आणि त्या वाफेवर बसून मार्वाचा आवाज यायचा. नोव्हेंबर ते एप्रिल, रोज. वायोमिंगच्या थंडीत डिझेलची गाडी उघड्यावर उभी करायची, तर इंजिनाला रात्रभर विजेची ऊब द्यावी लागते. बोनेटच्या जाळीतून एक वायर लोंबत असते, ती गोठ्याच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायची. राहिलीच, तर सकाळी इंजिनातल्या तेलाचं डांबर झालेलं असतं आणि टाकीतलं डिझेल थिजलेलं. तिकडच्या बायका नवऱ्याला जेवलास का म्हणून नंतर विचारतात, आधी हे विचारतात.

"लावली गं," वेंडेल गोठ्यातून ओरडायचा. मग खिडकी मिटायची. एवढाच त्यांचा रोजचा संसार, आणि तेवढा पुरे होता.

"वेंडेल, मी भिंतीशी बोलतोय का?"

समोर ड्वेन उभा होता. वर्लंडला गाड्या विकायचं त्याचं दुकान, आणि वेंडेलच्याच वर्गातला. त्याच्या पाठीमागे दोन नव्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, पांढरी पेट्रोलची, करडी डिझेलची. वेंडेलची बावीस वर्षांची जुनी डिझेलची गाडी मागच्या आठवड्यात रस्त्यातच बसली होती आणि आता उठणार नव्हती.

"ऐकतोय. पांढरी दे," वेंडेल म्हणाला.

"अरे, चोवीस फुटी ट्रेलर, आत दहा-बारा गाई. वर घाट. पेट्रोलचं इंजिन ओढेल रे, नाही असं नाही. पण बोंबलत ओढेल. आणि खरी गंमत उतारावर. डिझेलला इंजिनाचाच ब्रेक असतो, मागून कुणीतरी शेपटी धरून ठेवल्यासारखा. पेट्रोलला तसं काही नाही."

"डिझेल महाग. दुरुस्तीला निघालं तर एक गाय जाते. आणि थंडीत पेट्रोल एका चावीत सुरू होतं."

"उगाच नाही तुला वर्गात सगळे खेचर म्हणायचे."

टेस खिशात हात घालून बाजूला उभी होती. वेंडेलची एकुलती लेक, आता चाळिशीला टेकलेली. आई गेली तेव्हा डेन्व्हरहून चार दिवसांसाठी आली होती, ती परत गेलीच नाही. दोन वर्षांपूर्वी वेंडेलची नजर अधू झाली, तेव्हापासून ट्रेलर तीच ओढत असे.

"डॅड, चालवायची मला आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग?"

ड्वेननेच मध्ये तोंड घातलं. "असं करा. पांढरी घेऊन जा. रिकामी फिरवून काय कळणार? उद्या तुम्हाला गाई विकायला बफेलोच्या बाजाराला न्यायच्याच आहेत ना? ट्रेलर लावा, घाट ओलांडा. आणि मग येऊन मला शिव्या द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकरा गाई चढवल्या. यंदा गाभण न राहिलेल्या, म्हाताऱ्या, दात झिजलेल्या. शेवटची कानतुटकी. जन्मली त्या दिवशीच्या थंडीने तिच्या कानांची टोकं गोठून गळून पडली होती, म्हणून तिचं ते नाव. ती फळीपाशी येऊन थांबली आणि मागे वळून वेंडेलकडे बघत राहिली.

"हिला गेली तीन वर्षं वासरू नाही. तीन वर्षं तुम्ही हिला फुकट चारताय," टेस म्हणाली. "यंदा बरं मन झालं?"

"दात गेले तिचे. यंदाचा बर्फ तिला झेपायचा नाही," वेंडेल म्हणाला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. कानतुटकी निमूट आत गेली.

टेन स्लीपच्या खिंडीत चढ सुरू झाला आणि पांढऱ्या गाडीने गळा काढला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारावर जाऊन चिकटला. दोन्ही बाजूंचे पिवळे कडे तो आवाज परत गाडीवरच फेकत होते. मागून एक डिझेलवाला तेवढाच ट्रेलर घेऊन आला, दोन बोटं वर करून त्यांना रामराम घातला आणि गुणगुणत पुढे निघून गेला.

"तो कॉफी पीत होता," टेस म्हणाली. "बघितलंत? एका हातात कप."

"सांडली असेल."

ती हसली. वेंडेललाही हसू आलं. क्षणभर गाडीत तिघं असल्यासारखं वाटलं. मार्वा असती तर मध्ये बसून दोघांनाही कोपरं मारली असती.

माथ्यावर झाडांच्या सावल्यांत ताजा बर्फ होता. तिथून पलीकडचा उतार लागला.

टेसने खालचा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, पण धरेना. अकरा गाईंचं वजन मागून ढकलत होतं. प्रत्येक वळणावर गाई एका कुशीला कलत आणि सगळी गाडी त्यांच्याबरोबर कलल्यासारखी वाटे. टेस ब्रेक दाबून सोडत होती, पुन्हा दाबत होती. मग खिडकीतून तापलेल्या ब्रेकचा वास आला, जळक्या केसांसारखा.

वेंडेल पोरीकडे बघत राहिला. ओठ मुडपून चालवायची लकब तिच्या आईची. वर्षातून तीस वेळा ती हा घाट उतरणार होती. कधी बर्फात, कधी एकटी. आपण नसू तेव्हाही. गाडी आपण निवडणार आणि उतरणार ती.

पुढच्या वळणानंतर रस्त्याकडेला रुंद जागा होती. टेसने गाडी तिथे घेतली. थांबता थांबता चाळीस पावलं गेली. उतरून तिने चाकांना दगड लावले. पुढच्या चाकांतून निळसर धूर निघत होता.

वेंडेलही उतरला. वारा थंड होता. ट्रेलरच्या फटींतून गाईंचे श्वास बाहेर पडत होते.

आता ही भांडणार, त्याला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला त्याच्याकडे उत्तरं होती, अकरा वर्षं घोटलेली.

पण टेस येऊन त्याच्या शेजारी ट्रेलरला टेकली आणि हळूच म्हणाली, "हीच घेऊ."

"काय?"

"पांढरी. मी वजन कमी भरीन, दोन खेपा करीन. सावकाश उतरीन." तिने हातमोज्याने नाक पुसलं. "तुम्हाला वाटतं मला कळत नाही? त्या सकाळी आईच्या छातीत कळ आली, आणि तुम्ही चावी फिरवत राहिलात. अँब्युलन्स यायला सव्वा तास लागला. आई त्या गाडीतच गेली, हातात तुमचा हात घेऊन. मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा पुन्हा नवी डिझेलची घेतली नसती. इतके दिवस मी तुमच्याशी वाद घालत राहिले, चुकलंच माझं."

सगळा मुलूख हेच म्हणत आला होता. दफनाच्या दिवशी शेजारी डोक्यावरची टोपी काढून म्हणाले होते, उणे अडतीस होतं वेंडेल, त्या थंडीत वायर लावूनही डिझेल दगा देतंच. त्याने मान हलवली होती. एकदा हलवली, मग हलवतच राहिला. थडग्यावर बर्फ साचत जावा तशी त्या शब्दांवर वर्षं साचत गेली. खाली काय आहे, ते आता फक्त त्याला ठाऊक होतं.

फटीतून एक ओलं नाक बाहेर आलं. वर अर्धे अर्धे दोन कान. वेंडेलने त्या नाकावर तळवा ठेवला.

"डिझेलचीच घ्यायची," तो म्हणाला.

"डॅड, मी म्हटलं ना..."

"ऐक पोरी. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "ही त्या संध्याकाळी जन्मली. बर्फातच पडली होती, हिची आई हिला चाटेना. मी उचलून गोठ्यात आणली तेव्हा कान लाकडासारखे झाले होते. दिव्याची ऊब दिली नसती तर अर्ध्या तासात गेली असती."

"ठाऊक आहे मला."

"गोठ्यात प्लग एकच होता, टेस."

टेसने मान वळवली. वारा थांबला नव्हता, पण ती हलायची थांबली.

"मी गाडीची वायर काढली आणि हिचा दिवा लावला. म्हटलं, जेवून येतो आणि घरातून दुसरी वायर ओढतो. जेवलो. शेकोटीशी बसलो. डोळा लागला." त्याने त्या ओल्या नाकावरून अंगठा फिरवला. "गाडीने काही केलं नव्हतं. ती बिचारी गाडी बावीस वर्षांत एकदाही..."

गाईने त्याच्या हातावर श्वास सोडला, ऊन आणि गवताच्या वासाचा.

"तुझ्या आईने विचारलं होतं," तो म्हणाला. "रोजच्यासारखं. खिडकी उघडून. दुपारपासून तिला बरं वाटत नव्हतं, नाही म्हटलं तर शाल गुंडाळून स्वतः बाहेर येईल, म्हणून..."

"काय म्हणालात तुम्ही?"

"लावली म्हणालो."