चादरीची घडी

आमच्या नाटकाला कोणी लेखक नाही. घरातली एखादी वस्तू आणायची, ती हातात घेऊन मनाला येईल ते करायचं, बोलायचं, त्यातलं बरं ते ठेवायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, असं करत आम्ही ते उभं केलं. ही पद्धत आमच्या दिग्दर्शिकेची. वयाने माझ्या भाचीएवढी, पण तालमीत भल्याभल्यांची बोलती बंद करते. प्रत्येक प्रसंगानंतर "पुन्हा" एवढंच म्हणते, म्हणून तिचं नाव पडलं पुन्हाबाई. तिचा एक नियम फार कडक आहे. प्रसंगात कोणी जे बोललं ते खरं की मनाचं, हे बाहेर कधीही विचारायचं नाही. विचारलं की माणूस पुढच्या वेळी जपून बोलतो, असं तिचं म्हणणं.

मला हा नियम फार आवडायचा, माझ्या अंगाशी येईपर्यंत.

माझी धाकटी जाऊ माझ्याच नादाने या ग्रुपमध्ये आली. घरात ती हूं की चूं करत नाही. मी मीठ कमी म्हटलं की मीठ घालते, जास्त म्हटलं की पाणी घालते. तिने तालमीला मोठ्या पलंगावरची चादर आणली. नाटकात आम्ही बहिणी. समोरासमोर उभ्या राहून घडी घालत होतो, आणि चादरीची टोकं माझ्या हातात देता देता ती अगदी सहज म्हणाली, "आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय. विचारायला नाही, सांगायला आलेय."

माझ्या हातून चादर सुटली. पुन्हाबाई खूश. "हे ठेवायचं," ती म्हणाली, "चादर सुटते तेसुद्धा."

मग सुरू झाली तो प्रसंग घासूनपुसून लख्ख करण्याची पाळी. एकदा खरोखर सुटलेली चादर रोज ठरवून सोडायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. कधी मी ती वाक्याच्या आधीच सोडायचे, कधी ती हातांनाच चिकटून राहायची. "पडू द्या, टाकू नका," पुन्हाबाई सांगायची. वर मोठ्या बहिणीचं, म्हणजे माझं, उत्तर काही केल्या सापडेना. मी रडून पाहिलं, टोमणा मारून पाहिला, नुसतं गप्प राहूनही पाहिलं. पुन्हाबाई मान हलवायची. "हे तुम्ही कुठेतरी पाहिलेलं आहे."

घरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जाऊबाईंच्या कपाटावर नवा मिक्सर खोक्यातच बसून होता. जुना चांगला चालत असताना नवा कशाला? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, नाटक आहे ते." म्हटलं, हो, तुमच्या घरात सगळे नाटकच करतात.

ते वेगळे राहतील याची मला भीती नव्हती. माझ्या सासूबाई आणि त्यांची जाऊ भांडून वेगळ्या झाल्या, आणि एकाच रस्त्यावर राहून मरेपर्यंत एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. ही माझ्यावर रागावून चाललीय का, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि नेमकं तेच विचारायला बंदी.

प्रयोग तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. सकाळपासून तोच प्रसंग चालला होता. पाय दुखत होते, डोकं तापलं होतं. तिने वाक्य म्हटलं, चादर पडली, आणि मी काही न ठरवता बोलून गेले, "जा की मग. मलाही स्वयंपाकघर एकटीला हवंय, किती वर्षांपासून. पण रागावून जाऊ नकोस गं. रागावून गेलीस तर मी तुझ्या दारात यायचं कसं?"

मग खाली वाकून तिने चादर उचलली आणि दोन टोकं माझ्यापुढे धरली. आम्ही घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. पुन्हाबाई म्हणाली, "झालं. जेवून घ्या."

जिन्यात मी नियम मोडला. "खरं आहे का ते?"

"खरं आहे," ती म्हणाली. मान खाली.

"माझ्यावर रागावून?"

"नाही हो ताई. घरात सांगायला तोंड उघडलं की तुम्ही काहीतरी कामाचं विचारायच्या आणि माझं राहून जायचं. इथे तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं."

बरोबर होतं तिचं. मला थोडं लागलं, आणि त्याहून कितीतरी जास्त हायसं वाटलं. जिन्याच्या कठड्याला टेकून मी चक्क रडले, आणि तीही हसता हसता रडली.

तालीम संपल्यावर तिने मला घर दाखवायला नेलं. आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर. खोल्या रिकाम्या, रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी सवयीने सगळीकडे फिरले, नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या. स्वयंपाकघर अगदीच लहान होतं, ओटा तर भलत्याच बाजूला. मी तोंडावर सांगितलं, "ओटा फोडून या भिंतीला घ्यावा लागेल."

"नाही," ती म्हणाली. "मला तिथेच हवाय."