कुझुहारा सेन्सेईंचा प्रसिद्ध श्वास

शंभरापैकी एकसष्ट! जे गाणं या जगात सगळ्यात आधी मी गायलं, त्याला मला एकसष्ट गुण. माझ्याआधी ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. ज्यांनी ते रचलं त्या कुझुहारा सेन्सेईंच्याही नाही, कारण त्यांचा गळा फुटक्या मडक्यासारखा आहे.

सेन्सेई, म्हणजे गुरुजी, आमच्या नुमाझू गावचे. त्यांना संगीतात चाळीस वर्षं झाली म्हणून नगरपालिकेच्या सभागृहात रविवारी दुपारी गाण्याची स्पर्धा ठेवली होती. त्यांची गाजलेली दहा गाणी, त्यातलं एक निवडायचं, समोर परीक्षक म्हणून खुद्द सेन्सेई. माझा अर्ज भरला तोकिएकाकूंनी. त्यांच्या सुक्या मासळीच्या दुकानात मी बावीस वर्षं मासे चिरून वाळत घालते.

"अगं, ऐकून ऐकून माशांचे कान किटले," काकू म्हणाल्या. "आता जरा माणसांना ऐकव."

मी नाही म्हटलं नाही. त्याला कारण होतं. तिशी लागायच्या आधी मी टोकियोत सेन्सेईंकडे नमुना गायचं काम करायचे. चाल तयार झाली की ते पहिल्यांदा माझ्याकडून गाऊन घेत. ती टेप मोठ्या गायिकेकडे जाई आणि ती तसंच्या तसं गाई. सेन्सेईंचा दंडकच होता, टेपमध्ये आहे त्यात तसूभर फरक नको. टेपवर माझं नाव नसे. असू दे, कामच तसलं होतं, त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण पुढे नारुमीनं गाजवलेलं 'शेवटची बस चुकू दे' हे गाणं मला एकदा, फक्त एकदा, माझ्या नावानं आणि धड गायचं होतं. तेही सेन्सेईंच्या समोर.

आणि गायले. छान गायले, खोटं कशाला बोलू! टाळ्याही पडल्या.

मग दुसरे परीक्षक, काजितानी, माइक घेऊन उठले. हे गृहस्थ गाण्यांवर पुस्तकं लिहितात.

"ओगिनोसान, आवाज गोड आहे हो तुमचा. पण 'जाऊ नकोस' या ओळीत 'जाऊ'नंतरचा श्वास कुठे गेला? नारुमीसान तिथे कशा अडखळतात! प्रेम अगदी ओठांवर येऊन थांबतं. त्या एका श्वासात सगळं गाणं आहे. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. तुम्ही शब्द गायलात, गाणं तुम्हाला कळलं नाही."

तीनशे माणसांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कळलं नाही? मला? अहो, त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. 'जाऊ' म्हटलं आणि घशात खोकला उसळला. तो कसाबसा गिळून मी 'नकोस' म्हटलं. सेन्सेईंना हात जोडून म्हणाले, ही ओळ पुन्हा घेऊ या. ते कोट चढवत म्हणाले, "राहू दे गं, नमुन्याचीच टेप आहे. कोण ऐकणार आहे?" नारुमीनं ऐकली, आणि बिचारीनं दंडकाप्रमाणे माझा खोकलासुद्धा पाठ केला. मग तिच्यावरून सगळ्या देशानं. आता कराओकेच्या पडद्यावर त्या जागी खूणसुद्धा येते, इथे श्वास घ्या म्हणून!

"साहेब," मी म्हटलं, "तो श्वास नाही. तो खोकला आहे. माझा."

सभागृहात हशा पिकला. काजितानीही हसले. सेन्सेईंनी माइक जवळ ओढला.

"ओगिनोसान फार विनोदी दिसतात," ते म्हणाले. "त्या श्वासासाठी मी तीन दिवस झोपलो नव्हतो."

त्यांनी मला ओळखलंच नसतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. तीस वर्षांत माणूस बदलतो, माशाचा वास चिकटतो. पण बोलताना त्यांचा उजवा कान लालबुंद झाला होता. खोटं बोलताना तो तसाच व्हायचा. ओळखलं होतं त्यांनी, चांगलं ओळखलं होतं.

मी पडद्यामागे आले तर काकू माझी पिशवी घेऊनच उभ्या होत्या.

"चल घरी. अशा माणसाच्या तोंडी लागू नये."

"मी का जाऊ? तोंड लपवायचं तर त्यांनी लपवावं."

"अगं पण करणार काय आहेस?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी सगळ्या स्पर्धकांना रंगमंचावर बोलावलं. सेन्सेई स्वतः पियानोवर बसले आणि सगळ्या सभागृहानं मिळून तेच गाणं म्हणायचं ठरलं. मी दुसऱ्या रांगेत होते, ढकलत पुढे आले, सेन्सेईंपासून चार हातांवर. गाणं त्या ओळीपाशी आलं. "जाऊ," सगळे म्हणाले आणि तीनशे माणसं एकदम थांबली. म्हातारेकोतारे, शाळकरी पोरी, नगराध्यक्षसुद्धा. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून सगळे तो प्रसिद्ध श्वास घेत होते.

मी खोकले. तोंडावर हात न धरता, पोटापासून, खणखणीत.

सेन्सेईंची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. पियानोवरचा माइक चालू होता आणि त्यातून त्यांचा, टेप घेताना असायचा तसाच, वैतागलेला आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला.

"मिसाओ, पुन्हा घे."

फलकावर, यादीत, निवेदिकेच्या तोंडी, सगळीकडे मी नुसती ओगिनोसान होते. माझं नाव मिसाओ आहे हे तिथे तोकिएकाकूंखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. काजितानींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सेन्सेईंनी घाईघाईनं माइकवर हात ठेवला, पण बोललेलं काही परत गिळता येत नाही.

पियानोची वाट न बघता मी ती ओळ पुन्हा घेतली, आणि 'जाऊ नकोस' एका दमात म्हटलं.